शत्रूचा नाका, शत्रूची विहीर

३० जानेवारी १९४८ ही तारीख देशाला एकाच घटनेसाठी आठवते. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मात्र त्या दिवसाची आणखी एक आठवण सांगितली जाते. दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी निजामी मुलखातल्या उमरी गावी हैदराबाद स्टेट बँकेची शाखा हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र तुकडीने लुटली. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती लागली. त्या काळी ही रक्कम केवढी होती, याचा अंदाज आज नुसत्या आकड्यावरून येणार नाही. हे धाडस केले ते उमरखेडच्या सीमाकेंद्राशी जोडलेल्या सैनिकांनी. उमरी बँकेचे प्रकरण आजही आमच्या भागात अभिमानाने सांगतात, आणि सांगावेच. धाडस होते यात वाद नाही. पण ते न्याय्य होते का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तो पंचाहत्तर वर्षांत आपण स्वतःला फारसा विचारलेला नाही.

हा प्रश्न आज विचारायचे कारण जग पुन्हा त्याच जागी येऊन ठेपले आहे. शत्रूची वीज तोडा, पाणी तोडा, पूल उडवा, बंदर जाळा, म्हणजे तो गुडघे टेकेल, हे तर्कशास्त्र युक्रेनपासून गाझा-येमेनपर्यंत वापरले गेले. मे २०२५ मध्ये चार दिवस भारत-पाकिस्तान सीमा पेटली, तेव्हा आपल्या वाहिन्यांवर आणि चहाच्या टपऱ्यांवरही तेच बोलले जात होते. नागरी जीवन ज्या सोयींवर चालते त्यांच्यावर घाव घालणे कधी न्याय्य असते, याचे उत्तर जिनिव्हातल्या करारांत आहेच. पण त्याचा कच्चा मसुदा आपल्याकडे, पैनगंगेच्या काठीही लिहिला गेला होता असे मला वाटते.

आधी भूगोल पाहू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि १९०२ साली ते कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे राहिले. त्यामुळे पैनगंगा ही दोन राजवटींमधली सीमा झाली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी उमरखेड स्वतंत्र झाले. नदीपलीकडचे हदगाव निजामाकडेच राहिले. पुढचे तेरा महिने सोलापूर, बार्शी, मनमाड, वाशीम, लोणार, चांदा यांच्याप्रमाणेच उमरखेडलाही स्टेट काँग्रेसचे केंद्र होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालचा हा लढा सत्याग्रहाने सुरू झाला आणि निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांचा जुलूम वाढत गेला तसा शस्त्रांकडे वळला.

या केंद्रांतल्या माणसांनी कशावर हल्ले केले ती यादी पाहण्यासारखी आहे. करोडगिरीचे नाके, म्हणजे निजामाची जकात वसूल करणारी ठाणी, त्यांनी जाळली. पोलीस चौक्यांवर चाल केली. तारा तोडल्या. पटवाऱ्यांची दप्तरे जाळली. सक्तीची लेव्ही द्यायला नकार दिला. शिंदीची झाडे तोडली, कारण आबकारी हे निजामाच्या तिजोरीचे मोठे साधन होते. आणि बँक लुटली.

आता या यादीत काय नाही ते पाहा. अमक्या गावची विहीर बुजवली, तमक्याचे खळे पेटवले, असे कोणी पराक्रम म्हणून सांगत नाही. विहीर, खळे, घर यांची नावे लढ्याच्या आठवणींत येतात ती रझाकारांच्या अत्याचारांच्या प्रकरणात. म्हणजे ज्या पिढीने हा लढा लढला, तिच्या मनात एक रेघ पक्की होती. राज्यकर्ता जिच्यातून लोकांकडून घेतो ती यंत्रणा एका बाजूला, आणि लोक ज्यावर जगतात ती साधने दुसऱ्या बाजूला. नाका फोडला तर राजाची वसुली थांबते. विहीर बुजवली तर राजाचे काहीच बिघडत नाही, बाई घागर घेऊन दोन कोस चालते. शत्रूच्या मुलखात असली तरी विहीर शत्रूची नसते, ही समज त्या यादीतून दिसते. कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाविना ती लोकांना होती.

पण ही रेघ वाटते तितकी सरळ नव्हती, आणि अभिमानाच्या भरात आपण ते विसरतो. शिंदीचे झाड घ्या. निजामाच्या हिशेबात ते आबकारीचे उत्पन्न होते. दारूबंदीच्या विचाराने भारावलेल्या कार्यकर्त्याच्या हिशेबात ते व्यसन होते. पण पहाटे कमरेला दोर बांधून झाडावर चढणाऱ्या आणि मडके उतरवून विकणाऱ्या माणसाच्या हिशेबात ती भाकर होती. झाड तुटले तेव्हा निजामाच्या कोट्यवधींच्या तिजोरीतून चिमूटभर गेले, त्याच्या घरातून सगळे गेले. त्याला विचारले कोणी? तो निजामाचा हस्तक नव्हता, रझाकारही नव्हता. राजाच्या नाक्याचा आणि गरिबाच्या विहिरीचा बुंधा एकच असू शकतो, हा पेच तेव्हाही होता.

बँकेचेही तसेच. हैदराबाद स्टेट बँकेचे कामकाज १९४२ साली सुरू झाले. निजामाच्या सरकारी पैशाचा व्यवहार तिच्याकडे असे. पण उमरी हे रेल्वेवरचे, कापसाच्या व्यापाराचे गाव. जानेवारी म्हणजे कापसाचा ऐन हंगाम. अशा गावातल्या बँकेत पडलेला पैसा सगळाच राजाचा होता असे कोण म्हणेल? शिवाय अशी धाडसे झाली की सैनिक नदी ओलांडून वऱ्हाडात सुरक्षित येत, आणि पोलिसांचा व रझाकारांचा सूड पलीकडच्या गावांवर निघे. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्याच पाठीवर वळ उठत.

तरीही उमरीच्या बाजूने एक गोष्ट भक्कमपणे उभी आहे, आणि माझ्या मते सगळ्या नैतिक चर्चेत तिचे वजन सर्वांत जास्त आहे. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि पुढे तो दिलाही गेला. ज्या चळवळीला हैदराबादेत उद्या राज्य चालवायचे आहे, तिला आज फोडलेल्या तिजोरीबद्दल उद्या उत्तर द्यावे लागेल, ही जाणीव त्यात आहे. लुटलेले परत करता येते. जाळलेला नाका पुन्हा बांधता येतो, किंवा बांधायची गरज उरत नाही. पण दूषित पाणी पिऊन गेलेले मूल कोणत्याच हिशेबात परत येत नाही. म्हणून लक्ष्य निवडताना पहिला प्रश्न हा असावा: याचे नुकसान मुख्यतः कोणाच्या अंगावर पडणार? आणि दुसरा: जे मोडतोय त्याची भरपाई युद्ध संपल्यावर करता येणार आहे का, आणि ती करायला मी बांधील आहे असे मानतो का?

हाच वाद १९४२ साली वऱ्हाड-नागपूरच्या मातीत एकदा होऊन गेला होता. ‘चले जाव’ ठरावानंतर नेते तुरुंगात गेले. ‘हरिजन’ची जबाबदारी किशोरलाल मशरूवाला यांच्यावर आली. ते गांधींच्या सर्वांत काटेकोर विचारवंत सहकाऱ्यांपैकी एक. त्यांच्या कुटुंबाची पेढी अकोल्यात होती. त्यांनी त्या ऑगस्टमध्ये लिहिले की जीवित धोक्यात येणार नाही अशी काळजी घेऊन सरकारची दळणवळण यंत्रणा विस्कळीत करणे अहिंसेत बसू शकते. तारा तोडणे, रूळ काढणे, पूल निकामी करणे याला त्यामुळे एक नैतिक आधार मिळाल्यासारखे झाले. सरकारने या लेखाचा पुरावा म्हणून पुरेपूर वापर केला. गांधींनी पुढे मशरूवालांच्या हेतूची पाठराखण केली, पण मत स्वीकारले नाही. १९४४ साली सुटून आल्यावर त्यांनी घातपात आणि गुप्तता दोन्ही नाकारली. मालमत्तेचा विध्वंस हीसुद्धा हिंसाच, ही त्यांची भूमिका होती.

मला इथे गांधींपेक्षा मशरूवाला जवळचे वाटतात, पण गांधींचा इशाराही टाळता येत नाही. रूळ निर्जीव आहे हे खरे. पण रुळावरून येणारी गाडी निर्जीव नसते, आणि गाडीतून लष्कराचा दारूगोळा येतो तशी दुष्काळी भागासाठीची ज्वारीही येते. वस्तू आणि माणूस यांच्यातले अंतर आपण समजतो त्यापेक्षा फार कमी असते. मशरूवालांची अट, जीवितास धोका नको, ही कागदावर सोपी आहे. प्रत्यक्षात ती पाळायची तर रूळ काढणाऱ्याला त्या रुळाचे पुढचे सगळे टोक माहीत असावे लागते.

या बाबतीत आपल्या परंपरेची साक्ष काढायची आपल्याला मोठी हौस असते. मेगॅस्थेनीसच्या वृत्तांतांत आहे की हिंदुस्थानात दोन सैन्ये लढत असताना शेजारी शेतकरी निर्धास्त नांगर धरतो, त्याच्या पिकाला किंवा झाडाला कोणी हात लावत नाही. हे आपण आवडीने सांगतो. पण मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात वेढा घातलेल्या शत्रूचा चारा, अन्न, पाणी, सरपण नासवावे आणि तळी फोडावीत असाही सल्ला आहे, आणि कौटिल्याला शत्रूची पिके बुडवण्यात काही गैर वाटत नाही. आपल्या पूर्वजांत दोन्ही बोलणारे होते. निवड आपल्याला करावी लागते.

ती निवड कशी करावी याचा चांगला नमुना शिवाजी महाराजांच्या १६७३ च्या पत्रात आहे. चिपळूणजवळ छावणी असलेल्या आपल्याच लष्कराला ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणागोटा आधीच उधळू नका, आणि कुणब्यांकडून धान्य, गवत, लाकूड, भाजी बळाने घेऊ नका, नाहीतर लोकांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल, असा त्याचा आशय आहे. हे पत्र शत्रूला उद्देशून नाही, आपल्या सैन्याला आहे. युद्धातले नीतिनियम शत्रूला शिकवायचे नसतात, ते आधी आपल्या छावणीत लावायचे असतात, हे त्यात आहे. त्याच महाराजांनी सुरत दोनदा लुटली, हेही त्याच इतिहासात आहे. थोर माणसांनाही रेघ प्रत्येक वेळी नव्याने ओढावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने ही रेघ कायद्यात ओढायचा प्रयत्न केला. १९४९ चे जिनिव्हा करार भारताने १९५० साली स्वीकारले आणि १९६० साली त्यासाठी कायदा केला. १९७७ च्या पहिल्या पूरक करारात (प्रोटोकॉल) ही गोष्ट अधिक नेमकी झाली. त्यातल्या कलम ५२ नुसार एखादी वस्तू लष्करी लक्ष्य ठरायची तर दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात: ती शत्रूच्या लष्करी कारवाईला खरा हातभार लावत असावी, आणि त्या घडीला ती नष्ट केल्याने ठोस लष्करी फायदा व्हावा. कलम ५४ जगण्याला आवश्यक गोष्टींना संरक्षण देते: अन्नसाठे, पिके, जनावरे, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि सिंचनाची कामे. कलम ५६ धरणे, बंधारे आणि अणुवीज केंद्रांना वेगळे काढते, कारण ती फुटली तर मोकळी सुटणारी शक्ती कोणाच्याच काबूत राहत नाही. भारताने हा पूरक करार आजवर स्वीकारलेला नाही.

नाका आणि विहीर यांतला भेद कायद्याने अशा भाषेत मांडला. पण नेमक्या त्याच काळात जग असे बदलले की नाका आणि विहीर एकाच तारेवर आली.

ही तार कशी जाते ते आमच्या भागात कोणालाही सांगावे लागत नाही. रब्बीत डीपी जळाली की काय होते, हे ज्याने अनुभवले त्याला युद्धशास्त्राचा अर्धा धडा आपोआप कळतो. गहू ओंबीवर आलेला असतो, हळदीला शेवटची पाळी द्यायची असते, आणि शेतकरी रोज वीज कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो. ती एक छोटी डीपी. आता तिच्या जागी दोन-तीन तालुक्यांना पोसणारे उपकेंद्र धरा. त्यातले मोठे रोहित्र दुकानात तयार मिळत नाही; ते मागणीनुसार बनते आणि त्याला महिने लागतात. ते उडाले की नदीकाठच्या जॅकवेलमधले पंप थांबतात. पंप थांबले की शुद्धीकरण केंद्रात तुरटी आणि क्लोरीन असूनही उपयोग नाही, कारण शुद्ध करायला पाणीच येत नाही. उंच टाकी रिकामी होते. लोक जुन्या आडाकडे, नाल्याकडे वळतात. ग्रामीण रुग्णालयातल्या फ्रीजमधली लस निकामी होते. पिठाची चक्की बंद, मोबाइलचा टॉवर बंद, पेट्रोल पंप बंद. त्याच उपकेंद्रातून जवळच्या लष्करी तळालाही वीज जात असेल, तर त्या तळाकडे मात्र स्वतःचे जनित्र आणि डिझेलचा साठा असतो. सैन्याला सगळ्यात उशिरा अंधार होतो, बाळंतिणीला सगळ्यात आधी.

१९९१ साली इराकमध्ये हेच झाले. अमेरिका आणि मित्रराष्ट्रांच्या विमानांनी वीजकेंद्रे पाडली. उद्देश लष्करी संपर्क आणि हवाई संरक्षण यंत्रणा निकामी करण्याचा सांगितला गेला. पंप आणि सांडपाण्याची केंद्रे बंद पडली, मैला नद्यांत गेला, आणि बॉम्बवर्षाव संपल्यावर विषमज्वर आणि पटकी पसरली. बॉम्बने मेलेल्यांची नावे युद्धाच्या यादीत गेली. पाण्याने मेलेल्यांची गेली नाहीत, कारण तोवर युद्ध ‘संपले’ होते. नागरी सोयींवरच्या हल्ल्याचे हे खरे स्वरूप आहे. त्यातला मृत्यू उशिरा येतो, लांबून येतो, आणि कोणाच्या खात्यावर जमा होत नाही. उमरीच्या हिशेबाच्या नेमके उलट.

१९९९ साली नाटोने सर्बियाच्या वीजवाहिन्यांवर ग्राफाइटचे तंतू सोडले. त्याने यंत्रे न फोडता शॉर्टसर्किट होते आणि वीज काही काळाने परत आणता येते. हा प्रकार बऱ्यापैकी सौम्य म्हणता येईल, पण पुढे त्याच वाहिन्यांवर साधे बॉम्बही पडलेच. युक्रेनमध्ये २०२२ च्या शरद ऋतूपासून रशियाने वीजजाळ्यावर लाटांमागून लाटा सोडल्या, आणि नेमक्या थंडीच्या तोंडावर. मार्च २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने याच हल्ल्यांसाठी कोबिलाश आणि सोकोलोव या रशियन सेनाधिकाऱ्यांवर आणि जूनमध्ये माजी संरक्षणमंत्री शोइगू व लष्करप्रमुख गेरासिमोव यांच्यावर अटक वॉरंट काढले. अटक होईल न होईल. पण वीज तोडणे हा गुन्हा असू शकतो, हे न्यायालयाने जाहीर केले ही मोठी गोष्ट आहे.

अशा हल्ल्यांच्या बाजूने तीन युक्तिवाद नेहमी केले जातात, आणि ते फेटाळण्याआधी नीट ऐकायला हवेत.

पहिला: याने युद्ध लवकर संपते, म्हणून एकूण जीव वाचतात. जनता हैराण झाली की ती आपल्या सरकारला वाकवते, असे यामागचे गृहीत आहे. आमच्या सीमेवरचा अनुभव उलटा आहे. रझाकारांनी गावे जाळली, घरे लुटली. त्याने लोक निजामाकडे वळले का? हजारोंनी नदी ओलांडली, आणि त्यांतली पोरे केंद्रांत भरती झाली. भुकेला आणि तहानलेला माणूस बंड करत नाही. तो टँकर कोण पाठवतो याकडे डोळे लावून बसतो, आणि टँकर बहुधा सरकारच पाठवते. शिवाय लोकांना छळून त्यांच्या राजाला वाकवणे याला दुसरे नाव ओलीस धरणे असे आहे. जे काम दहशतवाद्याने केले की आपण धिक्कारतो, ते विमानातून केल्याने शुद्ध होत नाही.

दुसरा: दुबळ्याकडे दुसरे हत्यार नसते. हा युक्तिवाद १९४८ च्या सैनिकांच्या तोंडी शोभतो, पण तो गडचिरोलीत कुठे पोहोचला ते पाहावे. माओवाद्यांच्या हिशेबात जंगलातला रस्ता म्हणजे पोलिसांची गाडी यायची वाट, म्हणून लष्करी लक्ष्य. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली आणि त्याच दिवशी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. रस्त्यावरून पोलीस येतात हे खरेच आहे. पण त्याच रस्त्यावरून अडलेली बाई दवाखान्यात जाते, आणि तो रस्ता नसला की खाट चार खांद्यांवर घेऊन माणसे चालतात. दुबळेपणाने हत्याराची निवड समजू शकते, सोसणाऱ्याची निवड समर्थनीय होत नाही. ज्या आदिवासीच्या नावाने लढायचे त्याचाच रस्ता तोडणे म्हणजे त्याचे मत न विचारता त्याच्या वाट्याचा त्याग आपण करणे.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात अवघड: शत्रूही हेच करतो, आणि कारण न्याय्य असेल तर साधनांबाबत इतके सोवळे का? इथे आपल्या स्वतःच्या विजयांकडे पाहावे लागते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला आणि केमारीच्या तेलाच्या टाक्याही पेटल्या. आपण त्या दिवशी नौदल दिन साजरा करतो. माझ्या कसोटीवर हे लक्ष्य टिकते: शत्रूच्या आरमाराच्या मुख्य बंदरातला इंधनसाठा लढाईला थेट पोसत होता. त्याच रात्री कराचीचे पाणी खेचणारे पंपगृह उडवले असते तर मी ते टिकते असे म्हटले नसते, विजय कितीही मोठा असला तरी.

हैदराबादच्या बाबतीत हीच कसोटी आपल्याला बोचते. १९४८ साली भारताने संस्थानाची आर्थिक नाकेबंदी केली. औषधेही अडवली जातात अशी हैदराबादची तक्रार होती. शस्त्रे आणि पेट्रोल अडवणे वेगळे आणि औषध अडवणे वेगळे. दुसरे झाले असेल तर ते निजामाला नव्हे, त्याच्या रयतेला लागले. सप्टेंबरमध्ये भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, त्या कारवाईची लष्करी बाजू तुलनेने आटोपशीर होती. नळदुर्गजवळ बोरी नदीचा पूल उडवला जाण्याआधीच आपल्या फौजेने शाबूत ताब्यात घेतला, आणि पाच दिवसांत सगळे संपले. पण १७ सप्टेंबरच्या शरणागतीनंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमान वस्त्यांवर जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या समितीकडे सोपवली. समितीने सावध अंदाजाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचे सांगितले. अनेक दशके तो अहवाल लोकांपुढे आला नाही. त्यातली दुकाने, घरे, विहिरी कोणाच्या नाक्याचा भाग नव्हत्या. तेरा महिने जी रेघ बऱ्यापैकी सांभाळली होती ती विजयानंतर काही आठवड्यांत पुसली गेली. शत्रूचे राज्य आणि शत्रूच्या धर्माचा शेजारी यांत भेद उरला नाही की असेच होते. म्हणून कारण न्याय्य असणे हे साधनांसाठी माफीपत्र होत नाही. उलट ज्याचे कारण न्याय्य आहे त्याच्याकडूनच जास्त हिशेब मागायला हवा, कारण उद्या राज्य त्यालाच करायचे असते.

आता आजच्या प्रश्नाकडे. पहलगामच्या हत्याकांडानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित केला. करार स्थगित करणे म्हणजे हल्ला नव्हे, आणि पश्चिमेकडच्या नद्यांचे पाणी अडवून धरायला लागणारी साठवण आपल्याकडे नाही, त्यामुळे चार दिवसांत कोणी तहानेने मरणार नव्हते. पण त्या दिवसांत लोकांच्या बोलण्यात जे ऐकू आले ते करारापलीकडचे होते: पाणी सोडा आणि बुडवा, नाहीतर अडवा आणि वाळवा. पुढच्या महिन्यात पाकिस्तानने नीलम-झेलम जलविद्युत प्रकल्पाचे नुकसान केल्याचा आरोप आपल्यावर केला. भारताने तो ठामपणे नाकारला आणि असा आरोप म्हणजे आपल्या धरणांवर हल्ल्याची सबब असू शकते असा इशाराही दिला. म्हणजे दोन्ही सरकारांना धरणावर हल्ला करण्यातली बेअब्रू कळते. ती समज आपल्या टपऱ्यांवरच्या गप्पांत मात्र दिसली नाही.

वास्तविक आमच्याएवढे ते कोणाला कळायला हवे? इसापूरचे धरण पैनगंगेवर आहे, मातीचे आहे आणि त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडायचे ठरले की उमरखेड, महागाव, हदगाव, हिमायतनगर भागातल्या नदीकाठच्या गावांना सावध केले जाते. सोडलेल्या पाण्याची ही गत, तर फुटलेल्या धरणाची काय? १९४३ साली ब्रिटिश विमानांनी जर्मनीचे म्योने धरण फोडले. हजारांहून अधिक माणसे बुडाली, आणि त्यांत जर्मनांनी वेठीला आणलेल्या परदेशी मजूर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ब्रिटन ज्यांच्या मुक्ततेसाठी लढत होते तीच माणसे. जून २०२३ मध्ये रशियाच्या ताब्यातले काखोव्का धरण फुटले; रशियाने जबाबदारी नाकारली. खाली गावे बुडाली आणि वर कालवे कोरडे पडले. एकाच घावाने पूर आणि दुष्काळ दोन्ही आणणारे दुसरे लक्ष्य नाही.

यावर उपाय म्हणून कोणी सद्‌भावनेची भाषा करील तर मला त्यात रस नाही. कराराची भाषा हवी, आणि तिचा नमुना आपल्याकडे आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, संसदेवरच्या हल्ल्यानंतर दिल्या, पुलवामानंतर दिल्या. या दोन देशांत एवढा इमानाने पाळलेला करार क्वचितच सापडेल. तो टिकला तो प्रेमामुळे नव्हे. दोघांनाही भीती सारखीच वाटते म्हणून. त्याच यादीत मोठी धरणे, पिण्याच्या पाण्याच्या योजना आणि रुग्णालयांना वीज देणारी उपकेंद्रे घालायला काय हरकत आहे?

हरकत अशी सांगितली जाईल की पाकिस्तानवर विश्वास कसा ठेवायचा, आणि आपण आधीच हात बांधून का घ्यावेत. विश्वासाचे उत्तर १९८८ च्या करारात आहे. हात बांधण्याबद्दल एवढेच म्हणता येईल की ज्या लक्ष्यावर हल्ला करायचे आपण एरवीही कबूल करत नाही, ते सोडून देण्यात लष्कराचे काहीच जात नाही. १९७७ च्या पूरक करारावर सही करण्यात काही कलमांची खरी अडचण असेल, तर सरकारने कलम ५४ आणि ५६ पुरती तरी एकतर्फी घोषणा करावी. तिचा पहिला फायदा शत्रूला नाही, आपल्या सेनापतीला होईल: लोकांच्या संतापाच्या लाटेत एखादा मंत्री चुकीचे लक्ष्य सुचवील, तेव्हा त्याच्याकडे दाखवायला कागद असेल.

आणि लोकांचा संताप हाच शेवटी मुद्दा आहे. लोकशाहीत सैन्य काय करते हे अखेर मतदार काय खपवून घेतो यावर ठरते. उमरखेडच्या केंद्रातल्या सैनिकांवर कोणत्याही न्यायालयाची नजर नव्हती. त्यांना आवर घालत होती ती ज्या लोकांमध्ये परत जाऊन राहायचे त्यांची लाज. आज बॉम्ब टाकणाऱ्याला बॉम्ब पडलेल्या गावात राहायला जायचे नसते, म्हणून ती लाज आपोआप वाटत नाही. ती जागी ठेवणे हे घरी बसून युद्ध पाहणाऱ्यांचे काम आहे. पुढच्या वेळी कोणी शत्रूचे पाणी तोडा म्हणेल तेव्हा कोणाचे, किती दिवस आणि भरपाई कोण करणार, हे तीन प्रश्न त्याच बैठकीत, त्याच माणसाला विचारायला हवेत. त्यासाठी युद्धशास्त्र शिकावे लागत नाही आणि देशप्रेमही कमी पडत नाही. उत्तर द्यायला तो चाचरला, तर त्याच्या बोलण्याला आपली संमती नाही हे तिथेच, सर्वांसमोर सांगावे.